जीपला पाणी पाजणारे अण्णा

अण्णा मिस्त्रींच्या गॅरेजात शिरलेल्या माणसाला आधी तांब्याभर पाणी प्यावंच लागे. त्याशिवाय ते बॉनेटला हात लावत नसत. "नीर कुडी. आधी पाणी पी, मग बोंबल," हे मला तर रोजचंच. अक्कलकोटकडचे होते, लाड आणि शिव्या, दोन्ही कानडीतच सुरू व्हायच्या.

मी डोक्यावर चादरींचे गठ्ठे वाहून धंदा उभा केला आणि माल तुळजापूरला न्यायला जुनी पेट्रोल जीप घेतली. तिथं जो आधी पोचेल त्याचा माल खपायचा. पण उन्हाळ्यात घाट लागला की इंजिन खडखडायचं, ओढच संपायची. माझा प्रतिस्पर्धी मल्लिनाथ, त्याचीही जीप तसलीच.

अण्णांनी कान लावला. "हिला ऊन लागलंय, शेट. हिलाबी पाणी पाजू."

"इंजिनात पाणी? भंगारात घालायचीय का गाडी?" मी भडकलो.

"पाजायचं म्हणलं, बुडवायचं न्हाय."

त्यांनी बॉनेटखाली पाण्याची बाटली बांधली, तिला सलाइनची नळी जोडली आणि कार्बोरेटरच्या तोंडाशी सुई बसवली. इंजिन हवा ओढेल तसे थेंब आत जाणार आणि आतली आग निवणार. पाणी जास्त झालं की इंजिन अडखळायचं. "ठसका लागला बाईला," म्हणत अण्णा नळीवरचं चाक आवळायचे.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात, पूर्ण माल भरून जीप घाट चढली. खडखड नाही! वर पोचल्यावर मी उगाच हॉर्न वाजवत राहिलो. आजही कुणी ती बाटली बघून हसलं, तर मी त्याला बसवून घाट दाखवून आणतो.

कुणाला सांगू नका, असं मी अण्णांना बजावलं होतं. थोड्याच दिवसांत मल्लिनाथच्या बॉनेटखाली तशीच बाटली! मी गॅरेजात थयथयाट केला. अण्णांनी तांब्या पुढे केला.

"तहानलेला आला हुता. पाणी न्हाय म्हणू व्हय रं?"

"माझा धंदा बुडवला तुम्ही!"

"मग जरा लवकर ऊठ की."

तो राग अजून आहे. अण्णा गेले तेव्हा खांदा द्यायला मल्लिनाथ माझ्या पुढे घुसला, त्याचाही आहे.

परवा घाटात त्याची जीप कडेला उभी दिसली. बाटली कोरडी, इंजिन तापलेलं, आणि हा घामाघूम. मी थांबलो, त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि पाण्याचा कॅन पुढे केला. तो घेऊन बॉनेटकडे वळला, तसा मी त्याचा हात धरला.

"नीर कुडी," म्हटलं. "आधी तू पी."