बर्वेबाईंचा रफार

बर्वेबाई प्रूफ शेवटच्या शब्दापासून उलट वाचायच्या. सरळ वाचलं की अर्थ लागतो, आणि अर्थ लागला की चूक दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी वर्ध्याहून येऊन कोथरूडच्या एका डीटीपी केंद्रात नुकताच लागलो होतो. पहिल्याच दिवशी माझं पान परत करत त्या म्हणाल्या, "अहो, न आणि ण ही दोन वेगळी अक्षरं आहेत. वर्ध्याला कळवा."

यजमान गेल्यावर मुद्रितशोधन हेच त्यांचं जग झालं होतं. एका निवृत्त शिक्षकांच्या आत्मचरित्राच्या शेवटच्या प्रुफांवर सही करताना त्यांनी मला बजावलं, की छापखान्यात पीडीएफच द्या. पानांची उघडी फाइल दिली की तिथल्या संगणकावर अक्षरं बदलतात, हे त्यांनी एकदा भोगलं होतं. मी हो म्हटलं. पण आमच्या जुन्या यंत्रावर पीडीएफ व्हायला तासभर लागायचा आणि खाली मित्र गाडी घेऊन उभे होते; खडकवासल्याला जायचं ठरलं होतं. छापखानेवाला म्हणाला, तोच फॉन्ट आमच्याकडे आहे. मी उघडी फाइल देऊन टाकली.

फॉन्ट नावाने तोच होता, पण जुना. पुस्तकातले सगळे रफार गळाले. 'धर्म'चं 'धम' झालं, 'वर्ग'चं 'वग'. श्रेयनामावलीत छापलं होतं, 'मुद्रितशोधन : कुमुद बवे'.

प्रकाशकांनी आम्हा दोघांना बोलावलं. शिक्षकही बसले होते, पुस्तक मांडीवर पालथं ठेवून. प्रकाशकांनी बाईंना विचारलं, एवढं दिसलं नाही का? बाईंनी माझ्याकडे पाहिलं. सही केलेली प्रुफं, एकेक रफार जागच्या जागी असलेली, माझ्याच खणात होती. मी टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत राहिलो.

"सही माझी आहे," बाई म्हणाल्या. "जबाबदारीही माझीच."

त्यानंतर त्यांच्याकडे काम येईनासं झालं. मी मात्र पुढे हिंजवडीच्या एका कंपनीत लागलो, घर घेतलं. तिथं दहा वर्षं काढल्यावर एका रविवारी त्यांच्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

"ते मला तिथेच कळलं होतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "पानोपानी एकच चूक माणसाचा डोळा करत नाही. तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते."

मी म्हणालो, उद्याच प्रकाशकांना सांगतो.

"ते गेले. शिक्षकही गेले, रस्त्यात दिसले तर तोंड फिरवायचे. आता सांगणार कुणाला? मला तर माहीतच आहे."

मग त्यांनी चहा टाकला. मला नको म्हणायचाही धीर झाला नाही.

गेल्या वर्षी बाई गेल्या. त्या पुस्तकाच्या प्रती अजून काही घरांत असतील. त्यांतल्या चुका माझ्या आहेत.