वैरागचा परका पंच

सोलापूरला शुक्रवार पेठेत मावशीकडे उतरलो होतो. तिथून सकाळी बार्शीला निघालो, तर एस.टी.नं वैरागलाच बसकण मारली. चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्यानं विचारलं, “पाव्हणं, हितं कुणी सोयरं हाय का तुमचं?”

“कोणीच नाही.”

“मग लई झ्याक झालं की! आज आट्यापाट्या हायती. पंच परका लागतो.”

हे तात्या. त्यांनी घरी नेऊन भाकरी आणि शेंगांची चटणी वाढली, जेवताना खेळही समजावला. रानात नऊ आडव्या पाट्या (रेघा) आणि मधून जाणारी एक उभी सूरपाटी. हरेक पाटीवर एक राखणारा. समोरच्या गड्यानं हुलकावण्या देत सगळ्या ओलांडायच्या आणि तसंच परत यायचं, की झालं ‘लोण’. राखणाऱ्याचा फटका बसला तर गडी बाद; मात्र फटका मारताना राखणाऱ्याचे दोन्ही पाय पाटीवर हवेत.

“ते धुळीत कळणार कसं?”

“सकाळी पाट्यांवर पानी मुरवतो. फटका मारला की जागीच थांबायचं. पंचानं पायाखाली उकरून माती समद्यांना दावायची. वली निगाली तर फटका खरा.”

दुष्काळात पाण्याअभावी खेळ बंद होता. आता शेजारच्या वाडीशी पुन्हा सामना होता आणि तात्यांचा हा शेवटचा. “जिंकून सूरपाटी सोडायची हाय,” ते म्हणाले.

साठीतला तो माणूस सूरपाटीवर काय पळत होता! मी पंच आहे हेच विसरून बघत राहिलो. उन्हानं पाट्या पुसट झाल्या होत्या. बरोबरी असताना वाडीचा शेवटचा गडी परतीची शेवटची पाटी ओलांडत होता, तेवढ्यात तात्यांनी झेपावून त्याला फटका मारला. मारला आणि जागीच थांबले.

मी डाव्या पायाखाली उकरलं. माती कोरडी निघाली.

तात्यांचा चेहरा बघवेना. मी मूठ मिटली आणि म्हणालो, “ओली आहे.”

तात्यांनी माझा हात धरला, एकेक बोट उघडलं आणि तळवा वाडीकरांसमोर धरला. “कोरडी हाय. लोण झालं. जिंकलासा तुमी.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाडीकरांनी मात्र हरलेल्या तात्यांनाच खांद्यावर घेतलं.

बार्शी राहिलीच. संध्याकाळी सोलापूरच्या गाडीत बसवताना तात्यांनी पिशवीभर शेंगा दिल्या. “फुडल्या साली नक्की या, पाव्हणं. पर पंच म्हणून न्हाय. आता तुमी परकं ऱ्हायला न्हाई.”

शेंगा फोडत परतलो. इतक्या मायेनं मला आजवर कुठल्या कामावरून कुणी काढलं नव्हतं.