तिसऱ्या तळघराची पोकळ भिंत

नकाशा मी उलटा धरला होता. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतोय. त्या दिवशी घरात मी असं सांगितलं होतं की दोष यंत्राचा आहे.

झालं होतं असं की टीव्हीच्या पडद्यावरचा, व्हिडिओ गेममधला आमचा गडी तिसऱ्या तळघरात उभा होता. हातात आगकाडीएवढी तलवार आणि शेवटचा जीव शिल्लक. माझी दहा वर्षांची मुलगी रिमोट धरून बसली होती. तिनं विचारलं, "पप्पा, डावीकडं का उजवीकडं?" मी मांडीवरच्या आलेखाच्या कागदाकडं पाहिलं, चष्मा सारखा केला आणि साहेबी आवाजात म्हणालो, "उजवीकडे. सात घरं सरळ."

सहाव्या घरात विहीर होती. ती मला माहीत नव्हती असं नाही. मीच ती लाल शाईनं काढली होती, शेजारी बारीक अक्षरात "विहीर, धोका" असं लिहिलंही होतं. फक्त कागदाची वरची बाजू खाली असल्यामुळं ती मला डावीकडं दिसत होती. गडी पडला. पडताना त्यानं कुत्र्याच्या पिल्लासारखा एक आवाज काढला आणि पडद्यावर पुन्हा पहिला दरवाजा आला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. मी तेव्हा जमीनमोजणीच्या नोकरीत होतो. बारामती तालुक्यात लोकांचे बांध मोजून, हद्दीचे दगड दाखवून मला बारा वर्षं झाली होती. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "मागल्या आठवड्यात सांगवीला मोजणी केली ना तुम्ही? एकदा परत जाऊन बघून या."

आणि कोपऱ्यातल्या खाटेवरून, भिंतीकडं तोंड करून निजलेल्या आबांनी विचारलं, "पडला का गडी?"

आबा म्हणजे माझे वडील. आमचं गाव इंदापूर तालुक्यातलं कळस. आबांचा सगळा जन्म मेंढरांमागं गेला. आईच्या माघारी ते तिथं एकटेच राहत, आणि कळपातली आता चारच मेंढरं उरली होती. ती शेजाऱ्याकडं सोपवून मी त्यांना बारामतीला आणलं होतं, उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायला. तेव्हा आजच्यासारखं नव्हतं की सकाळी डोळा करून घेतला आणि संध्याकाळी बाजारात. डोळ्याला टाके असायचे. दीड महिना वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, धूर नाही, धूळ नाही, डोक्यावरून पाणी नाही. भाकरीसुद्धा दुधात कुस्करून. केलेल्या डोळ्यावर हिरव्या कापडाची झापड, आणि डाव्या डोळ्यातला मोती असा पिकलेला की उजेड कुठं आणि अंधार कुठं एवढंच त्यांना कळे. म्हणजे चष्मा मिळेपर्यंत आबांना दिसणं बंद.

डॉक्टरांनी बजावलं होतं की उजवा नीट बरा झाला की डावाही लगेच करा. फार थांबलात तर तो कामातून जाईल. आबांचं मत वेगळं होतं.

"एक बास झाला. दुसरा हाय तसाच ऱ्हाऊ द्या. जाताना सोबतीला नीन."

आणि त्यांना कळसला जायचं होतं. रोज. घोंगडी, धोतर आणि पानाची चंची बांधलेलं गठुडं त्यांच्या पायाशी तयार असे. पहिल्यांदा निघाले तेव्हा बायकोनं त्यांना फाटकाशी गाठलं. दुसऱ्यांदा ते काठीनं चाचपत, लोकांना विचारत, पार यष्टी स्टँडच्या कोपऱ्यापर्यंत पोचले. तिथं गटारीच्या कडेला त्यांचा पाय घसरला. एका रिक्षावाल्यानं वरच्यावर धरलं आणि घरी आणून सोडलं. त्या दिवशी बायको मला म्हणाली, "आज तोंडावर पडले असते तर डोळा गेला असता. तुम्ही दिवसभर शिवारात. मी एकटी किती येळ दारात बसू?"

डोळ्यात औषधाचे थेंब घालायचं कामही तिच्याकडंच होतं, दिवसातून चार वेळा. पहिल्या दिवशी मी एक घालून पाहिला होता. तो थेंब आबांच्या कानाशी गेला. "डोळं हितं हायती, साहेब," आबा म्हणाले. तेव्हापासून मी त्या वाटेला गेलो नाही.

व्हिडिओ गेम आणला होता मुलीला उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी. टीव्हीला जोडायचं ते करड्या रंगाचं यंत्र, दोन रिमोट आणि एक कॅसेट. कॅसेटवर तलवारवाल्या वीराचं चित्र. दुकानदार म्हणाला, "मारामारी हाय, डोकं पण हाय." त्यातली अक्षरं चिनी का जपानी होती, ते दुकानदारालाही सांगता आलं नाही. त्यामुळं काय करायचं ते वाचून कळण्याची सोयच नव्हती. गडी पायऱ्या उतरून तळघरात जातो, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरतो, दगड ढकलून किल्ली मिळवतो, वटवाघळं आणि सांगाडे अंगावर आले की लढतो, एवढं आम्ही मरत मरत शिकलो. आणि वीज गेली की सगळं पुसलं जाऊन पुन्हा पहिला दरवाजा. बारामतीत उन्हाळ्यात वीज किती वेळा जात असे ते ज्यांना माहीत आहे त्यांना आमचे हाल कळतील.

म्हणून मी नकाशा काढायला घेतला. एका घराला दोन चौकोन असं माप धरलं, उत्तर दिशा दाखवली, किल्ल्यांना खुणा केल्या. कागदाच्या खाली सही करून तारीखही टाकली. सवय वाईट.

हळूहळू घरात कामं वाटली गेली. चालणं मुलीकडं, नकाशा माझ्याकडं, आणि लढाई आली की रिमोट बायकोकडं. हे तिनं कधी मागून घेतलं नाही. एकदा पीठ मळता मळता तिनं पाहिलं की पोरीला सांगाडा आवरत नाही. हात पुसून ती आली, उभ्या उभ्या रिमोट घेतला आणि तीन सांगाडे आडवे करून परत पोळ्या लाटायला गेली. तेव्हापासून मुलगी नुसती ओरडायची, "आई, सांगाडे!"

आबांना सुरुवातीला हे काही पटत नव्हतं. "बंद करा ती पिरपिर." मग एक दिवस, "आता का न्हाय वाजत?" मग, "आता काय झालं गं, पोरी?" मुलगी त्यांना सांगायची, आणि ती सांगत असेपर्यंत गडी मरायचा.

तिसऱ्या तळघरात आम्ही अडकलो. शेवटच्या खोलीला आत यायचं एकच दार, पुढं वाट नाही. आठ दिवस झाले. दगड सगळे ढकलून झाले, किल्ल्या संपल्या. मी जाहीर केलं की माझ्या नकाशाप्रमाणं पुढं काही असूच शकत नाही. आबांचं गठुडं पायाशी तसंच होतं आणि चष्म्याला अजून साडेतीन आठवडे होते.

एका रविवारी दुपारी बायको त्या खोलीत वटवाघळाशी लढत होती. वार चुकून भिंतीवर बसत होते. ठण, ठण, ठण. आबा खाटेवर उठून बसले.

"थांब, सूनबाई. मघाशी जिथं हानलंस तितं परत हान."

"कुठं, आबा?"

"मला काय दिसतंय का? जरा मागं जा. हान."

ठण.

"न्हाय. आजून मागं."

मी म्हणालो, "आबा, टीव्हीत भिंत नसते. ते नुसतं चित्र आहे. आणि नकाशात त्या बाजूला काही नाही."

"तू गप. तुला इचारलं न्हाय." मग सुनेला म्हणाले, "आमी मेंढरांभवती रातच्याला वाघर लावायचो, जाळं. त्याच्या मेखा दिवस बुडाल्यावर ठोकायच्या. दिसतंय कुठं! खाली खडक हाय का माती का नुसती घूस लागल्याली पोकळी, ती आवाजावर कळती. पोकळीत मेख मारली का मेंढरू रात्री भायेर. हान तू."

मुलीनं टीव्हीचा आवाज वाढवला. बायको गड्याला भिंतीच्या कडेकडेनं एकेक पाऊल नेऊ लागली. ठण. "फुडं." ठण. "फुडं." ठण. मी नकाशा घेऊन बसलो होतो, आणि खरं सांगतो, मनातून मला वाटत होतं की काही निघू नये. बारा वर्षांच्या नोकरीचा प्रश्न होता.

टप्.

"हितं!" आबांनी खाटेच्या लाकडावर काठी आपटली. "हितं पोकळ हाय. दम लावून हान!"

बायकोनं दातावर दात ठेवून बटण दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्या वाराला भिंतीतली वीट खाली आली आणि मागं पायऱ्या दिसल्या. मुलगी पलंगावर उभी राहून नाचायला लागली. बायको कधी नव्हे ती मोठ्यानं हसली. "आबा, फुटली!"

"मग? फुटनार न्हाय तर काय हुईल?" आबा म्हणाले आणि पुन्हा आडवे झाले. पण या वेळी तोंड भिंतीकडं नव्हतं, आमच्याकडं होतं.

मी खोडरबर शोधायला उठलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगवीहून घरी आलो (हो, गेलो होतो, पण दुसऱ्याच गट नंबरची मोजणी होती) तर खाटेवर घोंगडी अंथरलेली दिसली. चंची उशाशी. पायाशी गठुडं नव्हतं. मी बायकोकडं पाहिलं. तिनं बोट ओठांवर ठेवलं.

पुढचे साडेतीन आठवडे आबा दाराकडं फिरकले नाहीत. सकाळी थेंब घालून झाले की विचारायचे, "आज कितव्या तळघरात?" वीज गेली की आमच्याआधी त्यांच्या तोंडून शिवी निघायची. पाचव्या तळघरात एक राक्षस होता. तो उडी घेण्याआधी बारीक कुरकुरतो, हे त्यांनीच ओळखलं. "आता! सर!" असं ते ओरडत, आणि बायको गड्याला बाजूला घेई.

टाके सुकले. डोळा साफ निघाला. जाड भिंगाचा चष्मा लावून आबा घरी आले, आधी सुनेकडं पाहिलं, मग नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि टीव्हीसमोर जाऊन बसले. "लाव."

मुलीनं लावला. आबा बराच वेळ पाहत राहिले.

"ह्यो?" ते म्हणाले. "ह्यो एवढासा? आन् मी म्हनत हुतो कुनी पैलवान हाय."

"आबा, तलवार बघा ना," मुलगी म्हणाली.

"तलवार कुठली, दाभन हाय ती." मग राक्षसाची खोली आली. आबांनी थोडं पाहिलं, गोंधळले, चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि मान कलती करून ऐकू लागले. "आता! सर!" राक्षसाची उडी वाया गेली. चष्मा परत डोळ्यांवर चढवून ते उरलेली लढाई बघत बसले.

आम्ही सातव्या तळघरापर्यंत पोचलो आणि वीज गेली. शेवटचा दरवाजा आम्ही त्या उन्हाळ्यात काही पाहिला नाही. अंधारलेल्या पडद्याकडं बघत आबा म्हणाले, "दुसऱ्या डोळ्याचं कधी म्हनला रं डॉक्टर?"

मी म्हणालो, "तुम्ही म्हणाल तेव्हा."

"आधी दोन दिस कळसला जातो. चार मेंढरं बघून येतो, आता दिसत्यात तर. मग करू. तवर ह्या पोरीला म्हनावं, फुडं जाऊ नको."

दोन दिवसांचे तीन झाले. चौथ्या दिवशी दुपारी ते स्टँडवरून चालत, कुणाला न विचारता, घरी आले. काखेत तेच गठुडं होतं. ते त्यांनी आपण होऊन खुंटीला अडकवलं.

मी खुशीत येऊन नवा आलेखाचा कागद काढला आणि त्यावर उत्तर दिशा दाखवायला लागलो. बायकोनं तो माझ्या हातातून काढून घेतला, सरळ धरला आणि म्हणाली, "आता दुसऱ्या डोळ्याला थेंब तुम्ही घालायचे. नकाशा मी काढते."