माशांच्या माश्या

"बघा मॅडम, नाचतेय की नाही?"

केदार साहेबांनी मोबाइल वर धरून शूटिंग सुरू केलं. समोर कपिला, त्यांची गीर गाय. पुढचा उजवा पाय आपटत होती, मग डावा, मग पुन्हा उजवा. मधेच शेपटीचा फटकारा, मानेला झटका. राजोडीच्या किनाऱ्याजवळ साहेबांचा फार्मस्टे आहे. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं तिथे येतात आणि गाईला मिठी मारतात. याला काउ हगिंग म्हणतात. मिठीने माणसाचा स्ट्रेस निघून जातो, असं बाहेरच्या बोर्डावर लिहिलंय. निघून कुठे जातो, ते लिहिलेलं नाही. कपिलेकडे बघून मला पत्ता लागला.

"नाचत नाहीये, साहेब. तिला माश्या चावतायत."

"तेच तर! तेच मी म्हणतोय!" साहेबांना इतका आनंद झाला की मोबाइल तसाच चालू राहिला.

मी जनावरांची डॉक्टर. वसईत माझं क्लिनिक आहे. हल्ली दिवसभर फ्लॅटमधले कुत्रे आणि त्यांचे आईबाप तपासते. गाय म्हटलं की मी आनंदाने गमबूट शोधते. गाय निदान आपला आजार इंटरनेटवर वाचून येत नाही.

कपिलेच्या पाठीवर मखमली झूल होती. ती उचलली. वशिंडाच्या पायथ्याशी तळहाताएवढी जखम, वर खपली, खपलीखाली ओल. जखमेवर हळद, मध आणि गुलाबाच्या पाकळ्या.

"पाकळ्या कशाला?"

"गेस्टना वास येऊ नये म्हणून." मग आवाज खाली आणून, "लम्पी नाही ना?"

लम्पीत ताप येतो, अंगभर गाठी उठतात. इथे ताप नव्हता, गाठी नव्हत्या. पायांवर मात्र रक्ताचे बारीक ठिपके होते. माश्या चावतात, गाय खांबाला अंग घासते, कातडी सोलते. मग शेणात वाढणाऱ्या दुसऱ्या माश्या त्या जखमेवर बसतात आणि सुतासारखे बारीक जंत सोडून जातात. जखम भरायचं नाव घेत नाही. वर मध घातला की माश्यांना पाहुणचारही होतो.

"मॅडम, मला फक्त एक सर्टिफिकेट हवंय," साहेब म्हणाले. "गाईची जखम माशांच्या माश्यांमुळे झाली, असं."

"कशाच्या माश्या?"

त्यांनी कुंपणापलीकडे बोट दाखवलं. तिथे शेजारच्या, मासळी वाळवणाऱ्या फिलूमावशीची वलांडी होती. वलांडी म्हणजे बोंबील वाळत घालायची बांबूची उभी-आडवी मांडणी. बोंबील रांगेने लटकत होते आणि खाली मावशी कमरेवर हात ठेवून आमच्याकडेच बघत होती.

"सोमवारी वॉर्ड ऑफिसचे लोक पाहणीला येतायत. तुमचं सर्टिफिकेट असलं की ते सगळं हटवतील. माझ्या गेस्टना वासाचाही त्रास होतो."

गेस्ट समुद्रकिनारी येतात आणि माशांचा वास येतो म्हणून दचकतात. मला अशी माणसं मनापासून आवडतात.

"डॉक्टरीन बाय!" मावशीने तिथूनच हाक दिली. "तुमच्या सायबाला इचारा, माजा बोंबील मेलेला हाय, वाळलेला हाय, तो गाईला चावाला कसा जातो? आनि वलांडी काढली तर या हंगामाला मी मासली वाळवू कुटं? त्याच्या सोफ्यावर?"

"बघितलंत? अशी भाषा!" साहेब म्हणाले.

मी गाईच्या पायावरची एक माशी बाटलीत पकडली. मग कुंपण ओलांडून वलांडीवरची एक पकडली. मावशीने विचारलं, "तिला अटक केली काय?" मी म्हटलं, "चौकशीला नेतेय."

दोन्ही बाटल्या भिंगाखाली धरल्या. लांबून दोघी सख्ख्या बहिणी. पण गाईवरचीच्या डोक्यातून एक काळी सुई पुढे आलेली. ती टोचते आणि रक्त पिते. बोंबलावरचीला सुई नाही. ती नुसती चाटते. ती काही धुतल्या तांदळाची नाही, पण चावायचं म्हटलं तरी तिला जमणार नाही.

"माशी ती माशी," असं म्हणून साहेब रागाने सोफ्यावर बसले.

हा सोफा त्या फार्मस्टेची शान. पेंढ्याचे गठ्ठे रचलेले, वर गोधडी, मागे फुलांची कमान. गाईच्या शेजारीच, म्हणजे फोटो चांगला येतो. गेस्ट यायच्या आधी गाईला दर वेळी आंघोळ. ते पाणी आणि गाईचं मूत, दोन्ही उताराने थेट सोफ्याखाली.

"साहेब, जरा उठता का?"

"मॅडम, सोफा नको! शनिवारचं बुकिंग आहे!"

मी गोधडी काढली आणि खालच्या गठ्ठ्याची दोरी कापली. आतला पेंढा काळा पडलेला, हाताला गरम, आंबलेला. त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या आणि तपकिरी कोश मुठीमुठीने भरलेले. सुईवाली माशी अंडी घालते ती अशाच ओल्या, शेणमूत मुरलेल्या पेंढ्यात. कडक उन्हात वाळणाऱ्या बोंबलात तिचं काही काम नसतं.

साहेबांनी हळूच स्वतःची पँट मागून झटकली.

"पण... हे सगळं ऑरगॅनिक आहे."

"अळ्याही ऑरगॅनिकच आहेत."

"सायेब," कुंपणावरून आवाज आला, "तुमच्या गादीचा वास माज्या बोंबलाला लागतो. सोमवारी मी पन तक्रार करू काय?"

"सर्टिफिकेट आत्ताच लिहिते," मी बॅग उघडत म्हटलं. "अळ्यांचा फोटो जोडू की नको?"

साहेबांनी माझ्यासमोरच वॉर्ड ऑफिसला फोन लावला. "थोडं मिसअंडरस्टँडिंग झालं होतं," ते म्हणाले. कुणाचं, ते सांगितलं नाही.

जखमेची खरवड मायक्रोस्कोपखाली बघितली. जंत होतेच. इंजेक्शन दिलं, जखम धुऊन माश्या न बसणारं मलम लावलं, झूल काढून टाकायला लावली. साहेबांनी सोफा फोडून पेंढा उन्हात पातळ पसरला, जमिनीचा उतार बदलला, शेण रोजच्या रोज लांब हलवलं. मिठ्या बंद. दोन दिवसांनी साहेबांचा फोन आला, "गेस्टना काय सांगू?" मी म्हटलं, "गाय सिक लीव्हवर आहे म्हणा. त्यांना पटेल."

महिन्या-दीड महिन्यात कपिलेची जखम भरली आणि कातडीवर केस आले.

वलांडी जागच्या जागी आहे. साहेबांच्या बोर्डावर आता एक नवी ओळ आहे, 'ऑथेंटिक फिशिंग व्हिलेज एक्सपीरियन्स'. गेस्ट कुंपणापलीकडे जातात आणि फिलूमावशी त्यांच्याकडून बोंबील लटकवून घेते. नीट नाही लटकवला की परत काढायला लावते. सगळे म्हणतात, फार रिलॅक्स वाटलं.

मी एवढंच शिकले की गोठ्यात शिरल्यावर मालक जिकडे बोट दाखवेल, त्याच्या बरोब्बर उलट बाजूने तपासायला सुरुवात करायची. अजून तरी रिकाम्या हाताने परतलेली नाही.