खंडेनवमीची माउझर

दत्तप्रसाद लिमये यांनी आयुष्यात झुरळदेखील मारलेलं नव्हतं. घरात झुरळ निघालं की ते खुर्चीवर चढत आणि त्यांची बायको मेधा चप्पल घेऊन येई. अशा माणसाला दुसऱ्या महायुद्धातली जर्मन लष्करी रायफल विकत घ्यावीशी वाटली, याला कारण जर्मन नव्हते आणि युद्धही नव्हतं. कारण विद्यार्थी होते.

साल २०१८. मेलबर्नच्या पश्चिमेला, ट्रुगानिनात, भारतातून आलेल्या विद्यार्थ्यांचा पूर आला होता. एकेका घरात आठ-आठ जण राहत, दिवसा युनि, म्हणजे युनिव्हर्सिटी, करत आणि संध्याकाळी घरोघरी जेवणाचे डबे पोचवत. लिमये मात्र स्किल्ड व्हिसावर आलेले, पुण्याचे, बँकेच्या सॉफ्टवेअरमधले, चार बेडरूमच्या घराचे धनी. टक्कल पडलं होतं, पोट सुटलं होतं, तरी न्हावी विचारायचा, ‘‘व्हिच युनि, मेट?’’ स्टेशनवरचा माणूस विचारायचा, दाताचा डॉक्टर विचारायचा. एकदा समोरच्या गोऱ्या शेजाऱ्याच्या पार्टीला ते काळं जॅकेट घालून पेढ्यांचा बॉक्स घेऊन गेले, तर दार उघडणाऱ्याने बॉक्स घेतला, ‘‘चीअर्स मेट’’ म्हणाला आणि दार लावून घेतलं. लिमये पायरीवर थोडा वेळ उभे राहिले आणि घरी परत आले. ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नाही. मेधाला खिडकीतून दिसली होती, तिनेही विचारलं नाही.

त्या दिवसापासून त्यांना एकच ध्यास लागला. विद्यार्थ्याला जन्मात जमणार नाही असं काहीतरी आपल्याकडे हवं. विद्यार्थ्याकडे गाडी असते, गिटार असते, कर्ज तर असतंच. पण रायफलला पोलिसांचा परवाना लागतो, नेमबाजी क्लबचं सभासदत्व लागतं, स्वतःच्या घराच्या भिंतीत बोल्टने आवळलेली पोलादी तिजोरी लागते. हे सगळं ज्याच्याकडे आहे त्याला कोण ‘व्हिच युनि’ विचारणार?

शिवाय लिमयांच्या मते शस्त्र त्यांच्या रक्तातच होतं. त्यांचे पूर्वज पानिपतावर होते. तिथे काय करत होते, हे घराण्यात कोणालाच नक्की ठाऊक नव्हतं. मेधाचा अंदाज होता की वाढपी असावेत.

मग अभ्यास सुरू झाला. पुणेरी माणूस एखादी वस्तू घेण्याआधी तिच्यावर दुसऱ्याला व्याख्यान देऊ शकेल इतका तयार होतो. घेतो की नाही हा पुढचा प्रश्न. लिमयांनी इंटरनेटवरच्या जुन्या रायफलींच्या चर्चागटात ‘पेशवा१७६१’ या नावाने प्रवेश केला आणि काही महिन्यांत ते तिथे लोकांच्या चुका काढू लागले. क्लबमध्ये नेमबाजीचा सरावही केला. लक्ष्याला काही झालं नाही, खांदा मात्र सुजला आणि मेधाने हळदीचा लेप लावला.

क्लबचा सेक्रेटरी ग्रॅहम, निवृत्त मुख्याध्यापक. बॅकस मार्श गावात एकटाच राहायचा. आता वृद्धांच्या वसाहतीत जायचं ठरलं होतं आणि तिथे रायफली चालणार नव्हत्या, म्हणून एकेक योग्य माणसाच्या हाती देत होता. त्यात एक जर्मन माउझर होती, १९४१ची. ग्रॅहमच्या काकाने लढाईहून आणलेली. ती पाहायला लिमये गेले ते पांढरे सुती हातमोजे, भिंग आणि बारीक टॉर्च घेऊन. गुडघ्याचं ऑपरेशन करायला आल्यासारखे.

ग्रॅहमने रायफल टेबलावर ठेवली आणि चहा टाकायला गेला. परत येतो तो लिमये व्याख्यानाच्या रंगात आलेले. ‘‘सी ग्रॅहम, नंबर्स मॅच होतात. नळी, बोल्ट, पट्ट्या, सगळ्यावर एकच नंबर. म्हणजे पार्ट्स बदललेले नाहीत. नळी आतून स्वच्छ, गंज नाही. पण मेन थिंग वेगळीच.’’ त्यांनी लाकडी दस्त्यावर टॉर्च तिरका धरला. लाकडात कारखान्याचे बारीक शिक्के उमटलेले होते, पोलादावरचा काळसर निळा मुलामा काठाकाठाने झिजून करडा झाला होता. ‘‘बघ, कोणी घासलेलं नाही. लोक काय करतात माहितीये? चकचकीत दिसावं म्हणून सॅंडपेपर मारतात. एकदा घासली की संपलं. नंतर ती फक्त जुनी बंदूक.’’

हे सगळं ज्याच्या घरात ती रायफल चाळीस वर्षं होती त्याला सांगितलं जात होतं. ग्रॅहम ऐकत राहिला. शाळा चालवलेल्या माणसाला आगाऊ मुलांची सवय असते, आणि त्यातली काही आवडतातही. तो म्हणाला, ‘‘तू खरंच अभ्यास केलायस, मेट. मी फक्त तिला त्रास दिला नाही, एवढंच. तूही देऊ नकोस.’’ मग त्याने आपणहून सांगितलं, नोव्हेंबरात क्लबचं वार्षिक प्रदर्शन आहे. माउझर काचेच्या टेबलात ठेवू, आणि खाली कार्ड लावू. कार्डावर लिमयांचं नाव.

परवान्याचे सोपस्कार झाले, परवानाधारक दुकानातून व्यवहार झाला, रायफल तिजोरीत आली. लिमयांना रायफलीपेक्षा कार्डाचाच आनंद जास्त झाला. ‘फ्रॉम द कलेक्शन ऑफ डी. लिमये’. त्यांनी ते मोठ्याने म्हणून पाहिलं. मेधा म्हणाली, ‘‘दत्ता, कलेक्शन म्हणजे एकच आहे ना?’’

इथवर सगळं छान होतं. पण ऑक्टोबरात खंडेनवमी आली.

ट्रुगानिनातल्या मराठी घरांत खंडेनवमीला लॅपटॉप, ड्रिल मशीन आणि फार तर भाजी चिरायची सुरी पुजली जाते. लिमयांनी या वर्षी जाहीर केलं की आमच्याकडे खरं शस्त्रपूजन आहे. इथल्या मराठी मंडळातली दहा-बारा माणसं बोलावली. पूजेच्या आदल्या दिवशी मंडळातल्या सगळ्यांत ज्येष्ठ वासंतीकाकू नारळ द्यायला आल्या, तेव्हा लिमयांनी मोठ्या ऐटीत तिजोरी उघडून दाखवली. काकूंनी चष्मा सावरला. म्हणाल्या, ‘‘घासायची राहिलीय वाटतं?’’

‘‘काकू, ती अशीच असते. जुनेपणालाच किंमत.’’

‘‘असेल बाई. पण आमच्याकडे पूजेला मळकं काही ठेवत नाहीत.’’

काकू गेल्या. लिमयांनी रायफल चौरंगावर, जांभळ्या पैठणीच्या काठावर ठेवून पाहिली. खरंच, कपडे वाळत घालायच्या काठीसारखी दिसत होती. उद्या बारा माणसं बघणार. फोटो निघणार. ग्रुपवर जाणार. माणसाची बुद्धी एरवी कितीही धारदार असो, चार लोक काय म्हणतील या प्रश्नापुढे ती बोथट होते, आणि पुण्यात तर ती त्यासाठीच जपलेली असते.

त्यांनी चिंच भिजत घातली.

मेधा स्वयंपाकघरात आली तेव्हा नवरा एप्रन बांधून तांब्या-पितळेची भांडी घासायची पावडर, चिंच आणि तारेचा चोथा घेऊन बसला होता. ‘‘तूच ना म्हणत होतास, हात लावायचा नाही?’’

‘‘तो कलेक्टरचा नियम. हे पूजेसाठी आहे. देवाचं घासलेलं आणि माणसाचं घासलेलं यात फरक असतो.’’

हा फरक पोलादाला ठाऊक नव्हता. पाऊणशे वर्षांचा काळा मुलामा सिंकमधून काळ्या पाण्याने वाहून गेला. पोलाद पांढरं पडलं, तसा लिमयांना हुरूप आला. मग लाकूड मळकं दिसू लागलं. गराजमधून सॅंडपेपर आला. त्यावर खोबरेल तेल. रात्रीच्या जेवणापर्यंत माउझर लग्नात मांडलेल्या रुखवतासारखी लखलखत होती.

पूजा थाटात झाली. गोळी सुटूच नये म्हणून लिमयांनी बोल्ट काढून ठेवला होता, तेवढी अक्कल शाबूत होती. सगळे ‘‘वा, काय चकाकतीये!’’ म्हणाले. वासंतीकाकू कुंकू लावायला वाकल्या आणि नळीजवळ उरलेला अर्धा शिक्का त्यांना दिसला. गरुड, आणि त्याच्या पायांत एक चिन्ह.

‘‘अगंबाई, स्वस्तिक!’’ काकू भारावल्या. ‘‘बघा, त्यांच्याकडेही पावित्र्य होतं.’’ त्यांनी नेमकं तिथेच कुंकू लावलं.

मंडळाचे खजिनदार शैलेंद्र यांना एवढं पुरे होतं. ‘‘सगळं आपल्याकडूनच गेलंय. आर्य, संस्कृत, स्वस्तिक. आपणच विसरलो.’’ आणखी दोघांनी माना डोलावल्या. एकाने फोटो काढला.

मेधाच्या हातात अक्षतांचं तबक होतं. ते तिने खाली ठेवलं. ‘‘हे चिन्ह लावून त्यांनी लाखो माणसं मारली. बायका, पोरं. आणि तुम्ही त्यावर कुंकू वाहताय. लाज नाही वाटत?’’

लिमयांना वाटलं, आपण काहीतरी बोललं पाहिजे. त्यांना त्या चिन्हाबद्दल सगळं माहीत होतं, कोणत्या कारखान्यात कोणत्या निरीक्षकाने ते उमटवलं तेसुद्धा. ती रायफल कोणावर रोखली गेली असेल, हा विचार मात्र भिंग, टॉर्च आणि हातमोजे असूनही त्यांच्या मनात एकदाही आला नव्हता. त्यांनी वाकून समईची वात सारखी केली. मग कोणीतरी विचारलं, श्रीखंड घरचं आहे का विकतचं, आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी उजेडात लिमयांनी रायफल नीट पाहिली. लाकडावरचे शिक्के नव्हते. नंबर पुसट झाले होते. ‘पेशवा१७६१’ने चर्चागटात विचारलं, एका मित्राने चुकून असं असं केलंय, काही उपाय? पहिलंच उत्तर आलं, मित्राला सांगा, बागकाम कर.

मग लपवाछपवी सुरू झाली. लाकडाला रंग यावा म्हणून चहाचं पाणी, त्यावर काथ. पोलादाला बुटाचं काळं पॉलिश. मेधा बघत होती. म्हणाली, ‘‘काथ झाला. आता चुना आणि सुपारी आणू का?’’ आणि मग जरा थांबून, ‘‘दत्ता, ग्रॅहमला फोन कर. खरं सांग.’’ त्यांनी फोन केला नाही. केला असता तर कार्ड गेलं असतं.

प्रदर्शन वेरिबीजवळच्या हॉलमध्ये होतं. काचेचं टेबल तयार होतं, आत हिरवं कापड, त्यावर छापलेलं कार्ड. नावाचं स्पेलिंगही बरोबर होतं, या देशात पहिल्यांदाच. ग्रॅहमने पेटी उघडली, रायफल उचलली, दस्त्यावर अंगठा फिरवला. अंगठा तपकिरी झाला. त्याने वास घेतला.

‘‘टी?’’

लिमयांनी गाडीत एक गोष्ट रचून आणली होती, तिजोरीत ओल आली वगैरे. ग्रॅहमच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी ती सोडून दिली. ‘‘मी घासली,’’ ते म्हणाले. ‘‘फॉर अ प्रेअर.’’

ग्रॅहमने अंगठा रुमालाला पुसला. मग म्हणाला, ‘‘डिड इट वर्क?’’

तो रागावला असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी लिमये वाद घालू शकले असते, त्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. पण ग्रॅहम ‘‘नो वरीज, मेट’’ म्हणाला, काचेतलं कार्ड काढून खिशात ठेवलं आणि रायफल घेऊन हॉलच्या दाराशी गेला. तिथे एक साधं टेबल होतं. वर पाटी होती, ‘कृपया हात लावून पाहा’. ज्यांचं आणखी काही बिघडू शकत नाही अशा वस्तू तिथे ठेवत. तिथे कायद्याने परवानाधारक माणूस उभा लागतो. ग्रॅहमने विचारलं, ‘‘तू थांबशील?’’ लिमये थांबले.

दुपारी विद्यार्थ्यांचा एक घोळका आला, प्रवेश फुकट होता म्हणून. आपल्याकडचेच सगळे. माउझर हातोहात फिरली, सेल्फी निघाले. लिमये म्हणत राहिले, नळी खाली, बोट चापाबाहेर. त्यातल्या एका मुलीने ती परत टेबलावर ठेवताना त्यांचा मराठी उच्चार ओळखला.

‘‘काका, मी चारुता. लातूरची. ही ओरिजिनल आहे?’’

लिमयांनी तोंड उघडलं. नंबर, शिक्के, मुलामा, सगळं व्याख्यान जिभेच्या टोकावर होतं. हॉलच्या त्या टोकाला ग्रॅहम रिकाम्या काचेच्या टेबलात दुसऱ्या कोणाची तरी रायफल मांडत होता.

‘‘होती,’’ लिमये म्हणाले. ‘‘मी घासली.’’