पानांआडच्या काकड्या

गुळात शिजणाऱ्या जून काकडीचा वास आला की मला कुवेतमधलं ते शेत आठवतं. आम्ही दोघे रत्नागिरीकडचे सुतार फहाहील शहरातून तिथे शेडची दारं बसवायला गेलो होतो. शेतावर राबणारा बांगलादेशी गडी पिवळ्या पडलेल्या काकड्यांची पाटी खड्ड्यात ओतायला निघाला होता. "मार्केट नहीं लेगा, भाई. फेंकने को बोला है," तो ओशाळून म्हणाला. माझा जोडीदार माझ्यावरच ओरडला, "अरे मेल्या, अडव त्याला! धोंडसाच्या काकड्या त्या!" धोंडस म्हणजे आमच्याकडचा जून, पिवळ्या काकडीचा गोड केक. शुक्रवारच्या सुट्टीला आम्ही रवा, गूळ, नारळ घेऊन गेलो, त्या राखून ठेवलेल्या काकड्या किसल्या आणि लाकडाच्या तुकड्यांचे निखारे पातेल्याच्या झाकणावर ठेवून धोंडस भाजलं. पहिला तुकडा त्या गड्याला दिला. "ये मेरा खीरा है?" असं तीनदा विचारत त्याने अर्धं पातेलं संपवलं. इतकी काकडी पिकवूनही त्याच्या ताटात ती कधी आली नव्हती. पुढच्या शुक्रवारी गेलो, तर पठ्ठ्याने दहा काकड्या मुद्दाम पानांआड लपवून पिवळ्या केल्या होत्या! आज गावी माझ्या परसातल्या वेलाला पाणी घालणारा गडी विचारतो, "दादा, ही एक तोडायची राहिली का?" मी म्हणतो, "राहू दे. तुझ्या धोंडसाची आहे ती."