मापाताईंची हरवलेली मापं

मापाताईंना गल्लीत त्यांच्या खऱ्या नावानं कोणी हाक मारत नाही, आणि त्यांचीही त्याबद्दल तक्रार नाही. समोर माणूस उभा राहिला की त्या आधी त्याचे पाय बघतात, मग सवड झाली तर तोंड. एक पाय आखूड, टाच वळलेली, तळवा सपाट, अशा माणसांचे बूट त्या तीस वर्षं करत आल्या आहेत. चामड्याचं काम त्यांचं. ते ज्यावर ताणायचं ते पायाचे लाकडी साचे धाकटा भाऊ करायचा. सहा वर्षांपूर्वी एका साच्याची टाच दोन सूत, म्हणजे पाव इंच, जास्त झाली, म्हणून ताईंनी गिऱ्हाइकासमोरच त्याला सुनावलं, की तुझा हात गेला आता. भावानं हत्यारं गुंडाळली आणि निघून गेला. तेव्हापासून अबोला. ताई बाजारचे प्लास्टिकचे साचे आणून, त्यांवर चामड्याचे तुकडे चिकटवून वेळ मारून नेत होत्या.

जाण्याआधी भावानं एक वेबसाइट करून ठेवली होती. गावोगावची माणसं तिच्यावर पायाची मापं भरत आणि ती ईमेलनं ताईंकडे येत. यंदा वेबसाइट ज्या कंपनीकडे ठेवली होती तिनं कळवलं, की आमची मेलची सोय बंद होतेय, दुसऱ्या कंपनीची मेल घ्या आणि आमच्या कंट्रोल पॅनेलमध्ये जोडून टाका. जोडून टाका म्हणे, जणू पट्ट्याला बक्कल लावायचं होतं.

ताईंनी दुसरी मेल घेतली. त्या कंपनीनं तीन ओळी दिल्या, पॅनेलमध्ये जशाच्या तशा भरा म्हणून. ताईंनी भरल्या. पॅनेलनं हिरवी खूण दाखवली, आणि मेलवाल्यांनी उत्तर दिलं, की ओळी सापडत नाहीत. ताईंनी पुसून पुन्हा भरल्या. पुन्हा हिरवी खूण, पुन्हा सापडत नाहीत. पॅनेलवाल्यांना फोन केला की ते मेलवाल्यांकडे बोट दाखवत, मेलवाल्यांना केला की ते पॅनेलवाल्यांकडे. एकानं चोवीस तास थांबायला सांगितलं, ताई थांबल्या. दुसऱ्यानं अठ्ठेचाळीस सांगितले, तेही थांबल्या. एक म्हणतो आहे, दुसरा म्हणतो नाही, आणि दोघांपैकी कोणीच खोटं बोलत नाही, हे काही केल्या त्यांच्या डोक्यात मावेना. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी परगावहून गणिताच्या एका बाईंचा फोन आला. मापं भरून आठवडा झाला, वेबसाइटनं 'मिळालं, धन्यवाद' असंही सांगितलं, मग माझे बूट कधी होणार? बाईंची मापं ताईंनी तिथल्या तिथे लिहून घेतली, पण फोन न करणाऱ्यांचं काय? अशी किती माणसं ते 'धन्यवाद' वाचून निवांत बसली असतील? कोणाची टाच उखडत आली असेल, कोण घरातच अडकून पडलं असेल? त्यांची ना नावं माहीत, ना पत्ते. ताईंना रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला.

त्या तिरीमिरीत त्यांनी शेजारच्या चष्मेवाल्याचा मोबाइल मागून आणला. एकावर पॅनेलवाला लावला, दुसऱ्यावर मेलवाली, आणि दोन्ही फोन कामाच्या टेबलावर बुटांच्या जोडीसारखे शेजारी शेजारी ठेवले.

"आता तुम्ही दोघं बोला. मी नुसती ऐकते."

दोघं आधी बिचकले. मग वीस मिनिटं ताईंना ओ की ठो न कळणाऱ्या भाषेत बोलले, मध्ये हसलेसुद्धा. शेवटी पॅनेलवाला म्हणाला, "ताई, तुम्ही लिहिलंय ते अक्षर न् अक्षर बरोबर आहे. पण ते कोणी वाचतच नाही."

झालं होतं असं, की वेबसाइटचं नाव तिसऱ्याच कंपनीकडून घेतलेलं होतं. तिचं पॅनेल वेगळं, आणि मेल कुठे पोचवायची हे सगळं जग तिथे विचारतं. ताई अकरा दिवस भलत्याच वहीत लिहीत होत्या. मेलवालीनं विचारलं, की ते नाव घेतलं कोणी? ते भावानं घेतलं होतं.

तीन वेळा नंबर काढून त्यांनी फोन खाली ठेवला. चौथ्यांदा लावला, आणि पहिल्याच रिंगला त्यानं उचलला.

"ताई, सात झाले," तो म्हणाला. कशी आहेस नाही, काही नाही. "तीन राहिलेत. झालेले उद्या घेऊन येतो."

"कसले सात?"

"साचे. तू पाठवलेल्या मापांचे."

ताईंना आधी काहीच उमगेना. मग हळूहळू उलगडा झाला. जुनी मेल बंद पडल्यापासून त्या तिसऱ्या कंपनीच्या सोयीनं त्या नावावरची सगळी पत्रं आपोआप नावाच्या मालकाकडे जात होती. एकामागून एक मापं येताहेत, सोबत चकार शब्द नाही. ताई बोलत नाही, पण काम पाठवतेय, असं समजून हा पठ्ठ्या पहिल्या दिवसापासून लाकूड घेऊन बसला होता.

"तूच वळवलीस ना माझ्याकडे?" त्यानं विचारलं. आवाज जरा बारीक झाला होता.

आयुष्यात कोणाला अर्धं सूत न सोडणाऱ्या मापाताई म्हणाल्या, "हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोतं घेऊन आला. सात जोड टेबलावर मांडले, पाणी प्यायला आणि लॅपटॉपसमोर बसला. ताईंनी भरलेल्या तीन ओळी नव्या जागी न्यायच्या, तर आधी त्यांचं पॅनेल उघडावं लागणार होतं. हे ताईंच्या लक्षात आलं तोवर त्यानं ते उघडलंही होतं. तिथे त्यांचे अकरा दिवस तारीखवार पडलेले होते. रोज तीच खटपट, सगळी पत्रं स्वतःकडे ओढून घेण्याची. भावाच्या ईमेलचा पत्ता त्यात कुठेच नव्हता. तो वरपासून खालपर्यंत वाचत गेला.

ताईंनी उगाचच गणिताच्या बाईंचा साचा उचलला आणि टेप लावला. टाच दोन सूत जास्त होती.

"बरोबर आहे?" त्यानं मान न वळवता विचारलं.

"बरोबर आहे."

तिन्ही ओळी त्यानं नव्या जागी भरल्या. मग म्हणाला, "मापं दोन्हीकडे येऊ देत का? तुझ्याकडे आणि माझ्याकडे?"

"येऊ देत," ताई म्हणाल्या.

तो जेवायला घरी गेला तेव्हा त्यांनी कानस काढली आणि टाच घासायला घेतली. दोन सूत काढायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. हे त्यांना सहा वर्षांपूर्वीही माहीत होतं.